दोन ड्रमांचं घर

लहान घर मोठं भासवण्याचे उपाय सजावटकार हल्ली तोंडपाठ सांगतात: भिंतींना फिकट रंग, समोर मोठा आरसा, भिंतीत मिटणारा पलंग, पोटात खण असलेला दिवाण. छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या ‘एन’ क्रमांकाच्या वसाहतींत मात्र लोकांनी भासवाभासवीत वेळ घालवला नाही. घर सरळ मोठंच केलं. समोरच्या अंगणाची बैठक झाली, मागच्या मोरीचं स्वयंपाकघर झालं आणि जिना पायऱ्या-पायऱ्यांनी रस्त्याकडे निघाला. शेजाऱ्याची हरकत फार काळ टिकली नाही, कारण त्याचाही जिना निघालाच होता.

इतकं करून मिळवलेली जागा जाते कुठे? पाण्याला! पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर, पण नळ रोज येत नाही. त्यामुळे बैठकीखाली हौद, गच्चीवर टाक्या, न्हाणीघरात ड्रम आणि दिवाणाच्या खणात रिकामे कॅन. आरसा मोठा लावावा, तर खोलीत एकाचे दोन ड्रम दिसतात.

खरं तर पाण्याला जागा देण्याच्या कलेत शहराचा हात जुनाच. इथल्या जुन्या पाणचक्कीचा हौद पाहा: त्याचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा. तेव्हा पाणी अखंड वाहत होतं, म्हणून माणसांना हौदाखाली ऐसपैस बसता आलं. आता हौद खाली आणि माणसं त्याच्यावर अंग चोरून.

सजावटकाराचे पैसे वाचवा. नळ रोज आला, तर प्रत्येक घर आहे त्या भिंतींत किमान दोन ड्रमांनी मोठं होईल.