निर्गुंडीवाले नाना

नानांनी उभ्या आयुष्यात घोडा पाळला नाही. घोड्यावर बसले ते एकदाच, स्वतःच्या वरातीत. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून सुटल्यावर मात्र पंचक्रोशीतल्या यच्चयावत घोड्यांची दुखणी त्यांनी अंगावर घेतली. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा ते चुकवत नाहीत. लोक तिथं मारवाडी-काठियावाडी घोड्यांची चाल, उंची, कानांचा डौल बघतात. नाना बघतात लंगडतंय कोण. आणि सौदा ऐन रंगात आला की गिऱ्हाइकासमोरच मालकाला विचारतात, "मागचा डावा कधीपासून दुखतोय हो याचा?" अजून मार कसा खाल्ला नाही, याचं मला नवल वाटतं.

औषधांचे नानांच्या लेखी दोनच प्रकार: पाल्याचं आणि बाटलीचं. पाल्याचं ते आपलं, बाटलीचं ते विष. खांद्याला कायम कापडी पिशवी. तीत निर्गुंडी, एरंडाची पानं, आंबेहळद, सालईचा डिंक आणि हल्ली नातवाकडून ऑनलाइन मागवलेलं 'डेव्हिल्स क्लॉ' नावाचं मूळ. हे येतं थेट कालाहारी वाळवंटाकडून; पण झाडाचं असल्यामुळं तेही आपलंच. शालिहोत्राचं नाव दर तिसऱ्या वाक्याला. ग्रंथ त्यांच्या घरात कुणी पाहिलेला नाही. "अज्ञातवासात नकुल विराटाच्या पागेत होता. त्यानं कुठली इंजेक्शनं दिली?" हा त्यांचा हुकमी सवाल.

"नव्हती म्हणून नाही दिली," आमचे जनावरांचे डॉक्टर म्हणतात. डॉक्टर तरुण आहेत, आणि नानांच्या मते तोच त्यांचा मुख्य दोष.

या दोघांची गाठ पडली ती वरातीच्या पांढऱ्या घोडीवरून. रात्री दावं सोडवून तिनं चंदीचं अर्धं पोतं फस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचे पाय पुढं ताणून, सगळा भार मागं टाकून उभी राहिली. पाऊल उचलेना. नाना डॉक्टरांच्या आधी पोचले. आणि इथं मला त्यांच्याबद्दल खरं ते सांगितलं पाहिजे. एरवी अखंड चालणारं तोंड बंद झालं. ते खाली बसले, उलटा पंजा खुराला लावला, मग घोट्याच्या मागं दोन बोटं टेकवून डोळे मिटले. "ठोका चढलाय. खूर तव्यासारखा तापलाय. आतलं मांस सुजलंय, आणि वरून हे कठीण कवच. सुजेनं जायचं कुठं?" पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी तपासलं आणि शब्दन् शब्द हेच निदान केलं.

नानांच्या हाताला इतकं कळतं. मग पिशवी उघडते.

त्यांनी घोडीच्या खांद्यावर निर्गुंडीचा कढत लेप थापला. "वात वरून उतरतो." रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण नानांनी ऐकली असणार, ती आपल्यावर बेतलीय असा संशय मात्र त्यांना कधी आला नाही. डॉक्टरांनी मुकाट्यानं बर्फ मागवला, पाय त्यात बुडवले आणि मेलॉक्सिकॅमची सुई भरली.

"किती देताय?"

"किलोमागं 0.6 मिलिग्रॅम. तुम्ही आंबेहळद किती देता?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

नाना थोडा वेळ स्वतःच्या मुठीकडं बघत राहिले. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं: "गिधाडं कुणी मारली?" इथं मात्र नाना शंभर टक्के बरोबर. डायक्लोफिनॅक टोचलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, आणि 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर आपल्याकडं बंदी आली. डॉक्टरांनी कबूल केलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना मारत नाही, हेही सांगितलं. वर प्रामाणिकपणाच्या भरात बोलून गेले, की 1949 पासूनचं फिनाइलब्युटाझोन घोड्याच्या लंगडण्यावर छान चालतं, पण जास्त झालं तर जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. नानांनी जमलेल्या मंडळींकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. "ऐकलंत? विष!"

डॉक्टर इरेला पेटले. "आणि पाल्याचं ते निर्धोक? 2008 च्या ऑलिंपिकमध्ये, हाँगकाँगला, चार घोडे बाद झाले. कशानं? कॅप्सेसिननं. म्हणजे मिरचीतल्या तिखटानं. नॉर्वेचं सांघिक कांस्यपदक गेलं. आणि ते तुमच्या पिशवीतलं आफ्रिकन मूळ, तेसुद्धा स्पर्धेच्या घोड्यांना चालत नाही."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे लागू पडतं!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. एवढ्यात घोडीवाला पुढं झाला. घोडीपेक्षा त्याचाच चेहरा दुखरा होता. "पाल्यानं करा, सुईनं करा, पण मंगळवारच्या वरातीला नाचली पाहिजे. ॲडव्हान्स घेतलाय."

"नाही!" दोघं एकदम ओरडले.

मग नानांनी अर्धा तास जे सुनावलं त्यावर डॉक्टर नुसती मान हलवत होते. दुखणं दाबून नाचवलीस तर खुरातलं हाड खाली सरकेल, जन्माची जाईल. चंदी बंद, सुकं गवत, खाली मऊ भुसा, आणि आम्ही सांगेपर्यंत जागची हलवायची नाही. मंगळवारी नवरदेव जीपच्या बॉनेटवरून गेला.

घोडी बरी झाली. नानांच्या मते लेपानं. "बर्फानं बरी झाली असती तर हिमालयात एकही लंगडं तट्टू दिसलं नसतं." डॉक्टरांनी बिल फक्त सुईचं लावलं, विश्रांतीचं बिल लावायचा रिवाज नाही, नाहीतर त्यावरूनही दोघं भांडले असते.

यंदा सारंगखेड्याला नानांच्या पिशवीवर पेंटरकडून काढून घेतलेली नवी अक्षरं होती: 'ऑलिंपिकमध्ये बंदी असलेली अस्सल औषधं'. खाली, बारीक अक्षरात: 'मूठ आमचीच'.