उ ते ध : एक समक्रमण-मीमांसा

अनेक संगणकांवरच्या फायली आणि फोन नंबर एकमेकांशी जुळते कसे ठेवावेत, या शास्त्राला प्रस्तुत ग्रंथात समक्रमण म्हटले आहे. प्रथम साधनसामग्री नोंदवतो. घरचा जुना डेस्कटॉप, मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप, कामावरचा संगणक, दोन मोबाईल (पैकी एक सौ.चा) आणि या सर्वांत निरोप्याचे काम करणारा, टोपण हरवलेला एक पेनड्राइव्ह. संशोधनाचे क्षेत्र धाराशिव शहर, पिन ४१३५०१. या शहराची निवड संशोधकाने केलेली नाही, तो तिथेच राहतो.

पूर्वपक्ष असा : दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर जिच्यावर शेवटचा हात फिरला ती खरी. वरवर पाहता बिनतोड. पण शेवटचा हात कोणता, हे संगणक आपापल्या घड्याळावरून ठरवतो, आणि डेस्कटॉपच्या मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा जो सेल असतो तो संपला की घड्याळ प्रत्येक वेळी कारखान्यातल्या तारखेला परत जाते. आमच्या घरी सकाळी दुरुस्त केलेली फाईल अशा रीतीने पंधरा वर्षांपूर्वीची ठरली आणि कामावरच्या चुकांनी भरलेल्या प्रतीने तिला मान खाली घालायला लावून पुसून टाकले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच दाखवून दिले होते की वेगवेगळ्या यंत्रांवर आधी काय घडले नि नंतर काय, हे नुसत्या घड्याळांवर विसंबून ठरवता येत नाही. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचला असेल तरच क्रम सांगता येतो. आमचा निरोप्या त्या दिवशी धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात होता.

सेल बदलून देणाऱ्या पोराने सुचवले, "काय करलालाव सर एवढं? एकच कंप्यूटर ठेवा की!" हे मत अशास्त्रीय म्हणून सोडून देतो. ड्रू ह्यूस्टन नावाचा गृहस्थ बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला असता पेनड्राइव्ह घरी विसरला आणि बसमध्ये बसल्या बसल्याच, पुढे ज्याचे ड्रॉपबॉक्स झाले त्याचा प्रोग्राम लिहू लागला. प्रस्तुत संशोधक सोलापूरला एसटीने जाताना पेनड्राइव्ह विसरला, तेव्हा तुळजापूरच्या घाटात त्याला फक्त मळमळले.

यानंतर नाव आणि वस्तू यांचा प्रश्न येतो. 'शेतकऱ्यांची यादी' या एकाच नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी सुखाने नांदताना संशोधकाने स्वतः पाहिल्या आहेत. एका नावाच्या दोन फायली संगणक ठेवू देत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मग हे अद्वैतातले द्वैत कुठले? उत्तर ऱ्य या जोडाक्षरात सापडले. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य चिन्ह जोडून. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला दोन परके इसम. मराठीत शेतकरी, कर्मचारी, अधिकारी यांना विभक्तीचा प्रत्यय लावला की हा र हजर होतो, म्हणजे सरकारी कामाची निम्मी कपाटे आलीच.

आता मुख्य प्रकरण. आमच्या संगणकांवर २०२३ पूर्वीच्या फायली उ खाली आहेत आणि नंतरच्या ध खाली. २९ जून २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय घेतला, जुलैत नव्या सरकारने तोच पुन्हा घेतला, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली आणि सप्टेंबरात जिल्ह्याची अधिसूचना निघाली. समक्रमणाच्या भाषेत, एकच बदल चार वेळा साठवला गेला. संशोधकाने उत्साहाच्या भरात एका स्मरणिकेसाठी लिहिलेल्या जिल्ह्याच्या इतिहासावर 'शोधा आणि बदला' चालवले. संगणकाला विभक्ती कळत नसल्याने 'उस्मानाबादेत'चे 'धाराशिवेत' झाले. ते चालून गेले असते. पण मूळ मजकूर असा होता : जिल्ह्याचे ठाणे १९०४ साली नळदुर्गहून इथे आले आणि पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. छापून आला तो असा : मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचे धाराशिव झाले. एकाही वाचकाने तक्रार केली नाही. स्मरणिका कोणी वाचत नाही, हा या प्रबंधाचा आनुषंगिक निष्कर्ष.

त्याच मजकुरात काळ्या रंगाची, बहुधा जुळी करडे देणारी 'धाराशिवी शेळी'ही अवतरली. जनावरांच्या जातींच्या नोंदीत ती उस्मानाबादीच आहे, आणि बाजारातही. शेळीला अधिसूचना लागू होत नाही.

संगणकशास्त्रात एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि २००२ साली गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेला एक सिद्धान्त आहे. प्रतींमधली तार तुटली की दोहोंपैकी एकच निवडावे लागते : सर्वांकडून एकच उत्तर, किंवा प्रत्येकाकडून लगेच काहीतरी उत्तर. रेल्वेने पहिला मार्ग पत्करला. ३१ मे २०२५ च्या रात्री पावणेबारापासून दीडपर्यंत आरक्षण यंत्रणा बंद ठेवली आणि त्या पावणेदोन तासांत स्थानकाचे नाव बदलून यूएमडी या कोडाचे डीआरएसव्ही केले. उलट मतदारसंघांची नावे २००८ च्या परिसीमन आदेशातली, म्हणून ७ मे २०२४ ला आम्ही उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात मत दिले, आणि बोटावरची शाई ओली म्हणावी अशा ८ मे ला मुंबई उच्च न्यायालयाने धाराशिव हे नाव वैध ठरवले. गाड्यांवरचे एमएच-२५ मात्र पहिल्यापासून तटस्थ. वस्तूला नाव न देता आकडा द्यावा, हे तत्त्व परिवहन खात्याला आधीच उमगलेले दिसते.

दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत हे ओळखायला किती काळ लागतो, याचा कमाल आकडाही याच जिल्ह्यात सापडतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची पेठ आहे. विद्वानांनी ती कुणी देवगिरीला जोडली, कुणी जुन्नरला. गोरोबाकाकांचे तेर तेव्हाही जागचे हलले नव्हते. तगर म्हणजे तेर, ही नोंद जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली जुळवली.

एवढा धडा समोर असताना संशोधकाने घाई केली. सौ.च्या मोबाईलला वेगळे खाते उघडायचा कंटाळा करून आपलेच खाते जोडले आणि दोघांचे सगळे नंबर एकत्र नांदू लागले. माझाच नंबर माझ्या मोबाईलमध्ये 'अहो' या नावाने आला. कुतूहलाने लावला, व्यस्त होता. चार दिवसांनी यंत्राने विचारले : 'आई' नावाच्या दोन नोंदी आढळल्या, एकत्र करायच्या का? जे सत्तावीस वर्षांत दोन्हीकडच्या नातेवाइकांना जमले नव्हते, ते मी एका बोटाने केले.

आता फोन वाजतो आणि पडद्यावर नुसते 'आई' येते. माझी असेल तर 'बोल' म्हणायला हवे, सौ.ची असेल तर 'बोला'. म्हणून मी उचलतो आणि 'हं' एवढेच म्हणतो, आणि पलीकडून पहिली तक्रार कोणाबद्दल येते त्याची वाट बघतो.