बँकॉकची संस्कृती, बर्डीचे अतिक्रमण

नागपूरकर बँकॉकला गेला की चतुचकच्या बाजारात घासाघीस करतो, गाडीवर उभ्याउभ्या नूडल्स खातो, गिटारवाल्याचा व्हिडिओ काढतो आणि या सगळ्याला ‘संस्कृती’ म्हणतो. तोच माणूस नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर आला की फेरीवाला ‘अतिक्रमण’ ठरतो, तर्री-पोह्याची गाडी ‘अस्वच्छता’ आणि संदलची मिरवणूक ‘डोकेदुखी’. विदर्भातल्याच वडशाकडे झाडीपट्टीची नाटके पेटी-तबल्याच्या साथीने रात्रभर रंगतात. पण तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, म्हणून जावेसेही वाटत नाही. फरक मालात नाही, पासपोर्टवरच्या शिक्क्यात आहे.

कोणी म्हणेल, तिथे शिस्त असते, इथे चालायला जागा नसते. तक्रार खरी आहे, पण शिस्त काही थाई मातीत उगवत नाही. नेमून दिलेली जागा, पाणी आणि कचऱ्याची सोय यांतून ती येते. आपल्या 2014 च्या पथविक्रेता कायद्यातही नेमके हेच आहे: आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र आणि विक्रीक्षेत्र, सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हुसकावायचे नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे मापही त्यात आहे. आता रस्ता अडतो तो फक्त हातगाड्यांनीच, असेही नाही. पोहे खायला आलेल्याची कार तिथेच आडवी उभी असते. तेव्हा हातगाडी उचलायची मागणी करण्याआधी आपली गाडी उचलावी. बँकॉकमध्ये आपण पायीच हिंडलो होतो.