श्री. मध्यस्थराव यांस अनावृत पत्र

श्री. मध्यस्थराव यांस,
मुक्काम : कायद्याचा आडोसा



आमचा दिवाळी अंक वसुबारसेला पनवेलच्या स्टॉलवर लागला आणि धनत्रयोदशीला आपल्या संकेतस्थळावर अथपासून इतिपर्यंत झळकला. आमच्या पार्सलाला नाशिक गाठायलाच आठवडा लागतो. आपला उरक वाखाणण्याजोगा आहे.

पानं कुणा रसिकाने मोबाइलवर टिपलीत. एका पानावर त्याचा अंगठाही आलाय, अंगठीसकट. मिठाईवाला, सराफ आणि उटणेवाला यांच्या जाहिराती मात्र त्याने नेमक्या गाळल्या. ज्यांच्या जिवावर अंक निघाला ते बाहेर, आणि त्यांच्या जागी आपली रमीची जाहिरात! कथेतले आजोबा शेवटचा श्वास घेतात, तोच पडद्यावर बोनस नाचत येतो. त्या रमीचे पैसे रसिकाला मिळत नाहीत, लेखकाला तर नाहीतच.

आपण म्हणणार, टाकणारा दुसरा, आम्ही नुसती जागा दिली. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५१वं कलम जागा देणाऱ्याचंच आहे. चोरीचा खेळ होणार हे ठाऊक असून, किंवा तसा संशय घ्यायला जागा असून, हॉलवाल्याने नफ्यासाठी हॉल दिला तर तोही सापडतो. सुपर कॅसेट्स या संगीत कंपनीने मायस्पेसवर केलेल्या दाव्यात २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हेच कलम संकेतस्थळाला लावलं. पुढे २०१६ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने आपल्यासारख्यांना जीवदान दिलं : यंत्राने आपोआप जाहिरात चिकटवली म्हणजे मालकाला चोरी कळली असं नाही, नेमकी कुठली फाइल ते दाखवा. त्या निकालाला आपण रोज हार घालत असाल. माझ्या घरचा कुकर बिघडल्याचं आपल्या यंत्राला माझ्या आधी कळतं. फाइलच्या नावातच ‘दिवाळी अंक संपूर्ण फुकट’ लिहिलेलं तेवढं त्याला वाचता येत नाही. बिचारं निरक्षर असेल.

बरं, आम्ही दाखवलं. नियम असा की तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत फाइल उतरवायची, आणि २१ दिवसांत आम्ही कोर्टाचा हुकूम आणला नाही तर आपण ती पुन्हा चढवायला मोकळे. आपण उतरवलीतही. त्याच संध्याकाळी ती नव्या नावाने हजर, अंगठा तोच.

फुकट वाचायला देण्याची एवढी हौस असेल तर साने गुरुजी आहेत. ते १९५० साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरच्या हक्काची मुदत सरली आणि ती २०११पासून सर्वांची झाली. पुलंच्या पुस्तकांना मात्र २०६० सरेपर्यंत हात लावायचा नाही. पण गुरुजींवर रमी खपत नसावी.

टाकणाऱ्याचं नाव सांगा म्हटलं की आपल्याला ग्राहकाच्या खासगीपणाचा उमाळा येतो. टेलिग्रामने तीच सबब सांगितली, वर सिंगापूरच्या कायद्याकडे बोट दाखवलं. २०२२मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ती मानली नाही.

राहता राहिला हिशेब. २०१६च्या ज्या निकालाला आपण हार घालता, त्याच्याच शेवटी मायस्पेसला बजावलं आहे की उतरवलेल्या मजकुरावर जाहिरातींतून किती मिळालं, त्याचा हिशेब ठेवा. आपण निकाल पूर्ण वाचला असणारच. तर धनत्रयोदशीपासूनचा आमच्या अंकावरचा हिशेब कृपया उलटटपाली पाठवावा. रक्कम किरकोळ असली तरी चालेल, मुद्रितशोधकाचे पैसे अजून द्यायचे आहेत.

आपला,
एक दिवाळी अंकवाला, पनवेल