पाचव्या लेयरचा पत्ता

एक्स्टर्नल : सात लेयर सांग.

विद्यार्थी : कशाचे, सर?

एक्स्टर्नल : कशाचे म्हणजे? नेटवर्कचे! सकाळपासून अख्खी बॅच घडाघडा म्हणून गेली. 'कशाचे' असं एकानंही विचारलं नाही.

विद्यार्थी : ओएसआय मॉडेलचे सात आहेत, सर. या लॅबमध्ये जे नेटवर्क चालू आहे, त्यात तेवढे भरत नाहीत.

एक्स्टर्नल : मग किती भरतात?

विद्यार्थी : उघडून मोजू या? वायरशार्क चालूच आहे. आत्ता लॅबच्या प्रिंटरचं सेटिंगचं पान मागवलं, त्यातलं हे एक पॅकेट. फ्रेम, इथरनेट, आयपी, टीसीपी, एचटीटीपी.

एक्स्टर्नल : पाच. दोन कमी आहेत.

विद्यार्थी : उलट एक जास्त आहे. 'फ्रेम' ही वायरशार्कनं स्वतः केलेली नोंद : किती बाइट आले, किती वाजता आले. केबलमधून ती येत नाही.

एक्स्टर्नल : खाली स्क्रोल कर.

विद्यार्थी : केलं.

एक्स्टर्नल : अजून खाली.

विद्यार्थी : याच्या खाली टास्कबार आहे, सर.

एक्स्टर्नल : फिजिकल लेयर धर की. केबल दिसतेय ना समोर?

विद्यार्थी : धरला. झाले पाच.

एक्स्टर्नल : प्रेझेंटेशन. एन्क्रिप्शन वगैरे असतं त्यात.

विद्यार्थी : टीएलएस सहाव्याच्या नावावर टाकायची पद्धत आहे, तीही मान्य. सहावा मिळाला. आता पाचव्याचं बोला.

एक्स्टर्नल : सेशन लेयर. सेशन सुरू करणं, चालू ठेवणं, बंद करणं.

विद्यार्थी : कनेक्शन सुरू करतो टीसीपी. सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. हे बघा, तिन्ही पॅकेट इथे आहेत. बंदही तोच करतो. लॉगिन लक्षात ठेवायला वेबसाइट कुकी वापरते, आणि कुकी जाते एचटीटीपीच्या पोटातून. मग पाचवा दिवसभर करतो काय?

एक्स्टर्नल : नेटबायोस! लिहून घे, नेटबायोस सेशन लेयरला असतो.

विद्यार्थी : नेटबायोस 1983 चा, आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी केलेला. आयएसओनं सात लेयरचं मॉडेल प्रमाण म्हणून छापलं 1984 ला. पाचवा रिकामा दिसला, म्हणून पुस्तकवाल्यांनी त्याला तिथे नेऊन बसवलं.

एक्स्टर्नल : तारखा पाठ आहेत, लेयर पाठ नाहीत.

विद्यार्थी : अजून एक सांगतो. आर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलं 1 जानेवारी 1983 ला. म्हणजे मॉडेल छापून येण्याआधीच पॅकेटं धावायला लागली होती. 1989 च्या आरएफसी 1122 मध्ये इंटरनेटवाल्यांनी स्वतःचे लेयर लिहिले, ते चार. आपली बिल्डिंग अशी, की पाचवा मजला बांधलाच नाही, पण लिफ्टमध्ये बटण आहे.

एक्स्टर्नल : 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे' कुणी शिकवलं नाही का तुला?

विद्यार्थी : शिकवलं ना. त्यातलं सॉसेज म्हणजे सेशन. वर्गातल्या निम्म्या पोरांनी सॉसेज कधी डोळ्यांनी पाहिलं नाही आणि सेशन लेयर कुणीच पाहिला नाही, तरी दोन्ही तोंडपाठ आहेत.

एक्स्टर्नल : फार हुशारी नको. उद्या कंपनीत साहेब म्हणाला 'लेयर सेव्हन लोड बॅलन्सर लाव', तर काय सांगशील? साहेब, तुमचे चारच?

विद्यार्थी : हे मात्र खरं आहे, सर. लेयर टू स्विच म्हणतात, लेयर थ्री म्हणतात, फोर आणि सेव्हनही म्हणतात. ते आकडे बोलायला उपयोगी पडतात. पण 'लेयर फाइव्हचा एक स्विच द्या' असं दुकानात कुणी मागितलेलं ऐकलंय तुम्ही?

एक्स्टर्नल : ऐकलं नाही. आणि मला हे ठाऊक नाही असं वाटतं का तुला? एका वर्षी मी विचारून बघितलं होतं. टीसीपीचा हेडर कमीत कमी किती बाइटचा?

विद्यार्थी : वीस.

एक्स्टर्नल : तू सांगितलंस. त्या वर्षी निम्मी बॅच गप्प, उरलेली म्हणाली, 'सर, हे नोट्समध्ये नाही.' दोघींना रडू फुटलं. संध्याकाळी एचओडींचा फोन : 'जरा सोपं विचारा.' तेव्हापासून सात लेयर विचारतो. सगळे खूश.

विद्यार्थी : त्यांना वीस बाइट आले नाहीत, कारण त्यांनी हेडर कधी उघडून बघितला नव्हता. प्रॅक्टिकलच्या तासाला आम्ही सीनियरच्या फाइलमधले स्क्रीनशॉट चिकटवतो, सर. जर्नल बघा ना, सगळ्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये आयपी अ‍ॅड्रेस एकच आहे.

एक्स्टर्नल : त्या जर्नलवर तुमच्या मॅडमची सही आहे.

विद्यार्थी : खाली तुमचीही आहे.

एक्स्टर्नल : ...

विद्यार्थी : म्हणजे, आत्ताच केलीत ना, म्हणून म्हटलं.

एक्स्टर्नल : अजून वीस पोरं बाहेर उभी आहेत आणि माझी साडेपाचची गाडी आहे. तू मला अभ्यासक्रम शिकवू नकोस. तो बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये ठरतो. तिथे जाऊन सांग.

विद्यार्थी : तिथे कोण असतं, सर?

एक्स्टर्नल : आमच्यासारखेच असतात! चल, पंचवीसपैकी एकोणीस. सात लेयर आले नाहीत, त्याचे सहा कापले.

विद्यार्थी : सर, येतात! फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, अ‍ॅप्लिकेशन.

एक्स्टर्नल : मग विचारलं तेव्हा सांगायचं होतं. मार्क शाईनं लिहिलेत. पुढचा रोल नंबर पाठव.