छत्तीसची झाली एकोणीस

माझी भाची डेंटिस्ट. पुण्यात होती तोवर. लग्न होऊन न्यू जर्सीला उतरली आणि विमानतळावरच तिची डॉक्टरकी संपली. आता ती एच-फोर व्हिसावर कुणाची तरी बायको आहे.

परवा फोनवर म्हणाली, "मामा, इथे छत्तीस नंबरची दाढ एकोणीस आहे." मला वाटलं, सेल लागला असेल. तसं नव्हतं. आपल्याकडे तोंडाचे चार भाग करून प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर देतात. खालची डावी पहिली मोठी दाढ म्हणजे ३६. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेला १ म्हणतात आणि गोल फिरून ३२ वर येतात. त्या हिशेबात तीच दाढ १९. दाढ तीच, मुळं तीच, आतली कीडही तीच. तरी बीडीएसची चार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, अशी पाच वर्षं त्या दाढेवर घालवलेल्या बाईला तिथे तिला हात लावता येत नाही.

हात लावायचा तर बहुतेकांना तिथल्या डेंटल कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं काढावी लागतात. मग डीडीएस नाहीतर डीएमडी ही पदवी मिळते. दोन्हींत काडीचा फरक नाही. १८४० साली बाल्टिमोरला जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं, त्यांनी डीडीएस द्यायला सुरुवात केली. १८६७ साली हार्वर्डनं आपलं काढलं, पण त्यांच्या लॅटिनमध्ये ती पदवी नीट बसेना, म्हणून डीएमडी. लॅटिनसाठी नवी पदवी पाडणाऱ्यांच्या देशात आपली बीडीएस मात्र कुठेच बसत नाही.

बरं, पैसे भरायला तयार असलं म्हणून लगेच घेतात असंही नाही. आधी आयएनबीडीई ही परीक्षा. दीड दिवसात ५०० प्रश्न. निकाल काय? नुसता 'पास'. किती मार्क पडले ते सांगत नाहीत. सगळेच पास म्हटल्यावर निवडायचं कसं? मग टोफेल आणि गुणपत्रिकांचं भाषांतर. म्हणजे आपल्या टक्क्यांचं त्यांच्या ग्रेडमध्ये. आपल्याकडे फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटतात. तिकडच्या कागदावर ते पेढे आंबतात. त्यासाठी ट्रान्सक्रिप्टचं पाकीट सीलबंद हवं. ते मिळवायला भाचीचे वडील विद्यापीठाच्या खिडकीवर चार वेळा गेले. चौथ्या वेळी सही झाली, तर शिक्का जेवायला गेला होता.

मग 'कॅपिड' नावाच्या प्रवेशअर्जातला निबंध: मी डेंटिस्ट का झाले? खरं उत्तर 'एमबीबीएसला तीन मार्क कमी पडले.' लिहायचं असतं आजोबांच्या कवळीबद्दल. इतक्या आजोबांच्या कवळ्या इतक्या नातींच्या मनावर परिणाम करून गेल्या असतील, तर त्या बनवणाऱ्याला पद्म द्यायला हवं.

पुढे बेंच टेस्ट. प्लॅस्टिकचा जबडा, प्लॅस्टिकचे दात, समोर घड्याळ. क्राउन कटिंग करून दाखवा. भाची बेसमेंटमध्ये रात्री दोनपर्यंत प्लॅस्टिक घासते. ड्रिलला 'एअरोटर' म्हणायची सवय मोडून 'हँडपीस' म्हणते. हीच मुलगी इंटर्नशिपमध्ये वेल्ह्याच्या शिबिरात मिश्रीनं काळ्या पडलेल्या दाढा काढत होती. पेशंटची जीभ मध्ये यायची, लाळ हातावर ओघळायची, आजी "बाई गं, हळू" म्हणत मनगट धरायची. प्लॅस्टिकचा जबडा मनगट धरत नाही. त्यामुळे ते कौशल्य मोजायची सोय नाही.

एवढ्यातून पार पडलं की फी. खासगी कॉलेजात ती दीड-दोन लाख डॉलरपर्यंत सहज जाते. रुपयांत कोटीच्या पुढे. छत्तीसची एकोणीस करून घ्यायला!

आता अमेरिकेला शिव्या घालून मी थांबलो असतो, पण दात आपल्याही घशात आहेत. १९१५ साली रफीउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवातून दंतवैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले, पुढे कलकत्त्याला परतले आणि १९२० साली देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैसा उभा केला 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान काढून. गोड विकायचं आणि दात दुरुस्त करायला शिकवायचं, याला म्हणतात दूरदृष्टी. पुढच्या शिक्षणसम्राटांना सोडा विकावा लागला नाही, सीट विकून भागलं. आज देशात तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत. त्यातल्या कुठल्या कॉलेजात खुर्चीवर पेशंट बसतो आणि कुठे तपासणीच्या दिवशीच बसवतात, हे न्यू जर्सीत बसून कुणाला कळणार? मग ते सगळ्यांनाच प्लॅस्टिक घासायला लावतात. एक दाढ पहिल्यांदा आपण विकली, दुसऱ्यांदा ते विकताहेत. दोन्ही पावत्या भाचीच्या वडिलांकडे आहेत.

फोन ठेवता ठेवता मी माझं गाऱ्हाणं काढलं. चार दिवस डावीकडे खाली ठणकतंय.

"म्हणजे एकोणीस," ती म्हणाली. मग थबकली. "नाही मामा, तुझी छत्तीसच. पण इथून मी काही सांगू शकत नाही. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जा."

गेलो. गल्लीत आता तीन डॉक्टर आहेत. पहिल्यानं खुर्ची मागे केली, आरसा घातला, आणि हातमोजे काढता काढता विचारलं, "काका, अमेरिकेत कुणी ओळखीचं आहे का? मी कॅपिडचा फॉर्म भरतोय."