समुद्राकडे पाठ करून

जोहान्सबर्ग,
जुलै

ती. आई-आप्पांस,


मॉरिशसहून सुखरूप परत आलो. आईचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे, म्हणून आधी तोच निकालात काढते. हो, पोरं जेवली. घरी वरणभाताचा घास गालात धरून बसणारा आपला धाकटा तिथे रस्त्यावरच्या गाडीवर दालपुऱ्या हाणत होता. पातळ पोळीत वाटाण्याची डाळ भरलेली असते. अशा दोन पोळ्या, वर घेवड्याचा रस्सा आणि झणझणीत चटणी, सगळं कागदात गुंडाळून हातात देतात. इथे परत आल्यापासून गाल पुन्हा फुगलेत.

इकडे जुलैत थंडी असते आणि शाळेला सुट्टी. जोहान्सबर्गला बुलडाण्याइतकाच समुद्र, म्हणजे नाहीच. तेव्हा चार तासांचं विमान पकडलं. ओवीला खारं पाणी म्हणजे लोणारचं तळं, एवढंच माहीत. किनाऱ्यावर उभं राहून तिने आधी नाक वर करून हुंगलं आणि मग विचारलं, "याला वास का नाही येत? आणि पलीकडचा काठ कुठाय?" पलीकडे ऑस्ट्रेलिया आहे, म्हटलं. "पण दिसत तर नाही," असा शेरा मारून तिने हिंदी महासागराला नापास केलं.

आई, तू फोनवर "लेकरायले पाण्यात सोडू नका" म्हणून जीव अर्धा केला होतास, पण तशी वेळच आली नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिच्यावरच फुटतात. आत पाणी गुडघाभर आणि शांत. शिवाय धाकट्याला समुद्रापेक्षा बादली आवडली आणि बादलीपेक्षा हॉटेलबाहेरचा पाय धुवायचा नळ. नळ आपल्याकडेही आहे, पाणी यायचा वार तेवढा विचारून ठेवावा लागतो.

आता तुमच्या जावयांविषयी. खाणीत वर्षभर दगड बघणारा माणूस सुट्टीत काय करील? सगळी दुनिया समुद्राकडे तोंड करून बसलेली आणि हे समुद्राकडे पाठ करून काळे गोटे उलटेपालटे करताहेत. "बेसॉल्ट! आप्पांच्या वावरातला!" मला बघायला लोणारला आले होते तेव्हाही चहा निवून गेला आणि पाहुणे विवराच्या काठावर, आठवतं ना? पसंती विचारली तर म्हणाले, "अप्रतिम! आणि तेही बेसॉल्टमध्ये!" मामांनी तो होकार धरला म्हणून आज हे पत्र लिहायला मी आहे.

पण या वेळी त्यांनी सांगितलं ते आप्पांना सांगण्याजोगं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन तिकडे दक्षिणेत होती आणि जमिनीखालच्या एका चुलीवरून सरकत होती. तेव्हा जो लाव्हा ओतला गेला, त्याचा आपला काळा दख्खन झाला. जमीन उत्तरेला निघून आली, चूल तिथेच राहिली. तिच्यावर मग लक्षद्वीप झालं, मालदीव झालं आणि ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. शेजारच्या रियुनियन बेटावर ती अजून पेटलेली आहे. म्हणजे एवढी तिकिटं काढून आपण आपल्याच वावरातले गोटे बघायला आलो, असा मी अर्थ काढला. तो जावयांना मान्य नाही. आपले गोटे पुष्कळ जुने आहेत म्हणे.

तिथल्या उसाच्या वावरांत या गोट्यांचे ढीगच्या ढीग आहेत, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी नीट रचलेले. गुलामगिरी बंद होत असताना इंग्रजांनी 1834 पासून आपल्याकडची माणसं करारावर उसाच्या मजुरीला नेली, पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख. पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर ती उतरायची, तिथल्या 16 पायऱ्या ओवीने मोजल्या. आप्पा, तुम्ही दर उन्हाळ्यात गोटे वेचून धुऱ्यावर टाकता आणि पावसाळ्यानंतर नवे वर आले की दैवाला शिव्या देता. त्या माणसांनी किती दिल्या असतील, आणि किती भाषांत! भोजपुरी, तमिळ, तेलुगू, आणि कोकणातून गेलेल्यांनी मराठीतही.

मराठी तिथे अजून शाळेत शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. दालपुरीच्या गाडीजवळ एक मावशी भेटल्या, त्यांचे पणजोबा रत्नागिरीचे. घरात क्रिओल बोलतात, पण आमच्याशी अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी. तुम्ही कुठले, विचारलं. बुलडाणा, म्हटलं. "रत्नागिरीपासून जवळ आहे का?" मी तोंड उघडणार तेवढ्यात जावई म्हणाले, "जवळच." नंतर मला म्हणाले, साडेसहा कोटी वर्षांच्या हिशेबात सहाशे किलोमीटर म्हणजे काय!

आणि आता आप्पांसाठी जरा अडचणीची बातमी. डोंगरावर गंगा तलाव आहे, तोही विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात. वाटेवर उभा महादेव आहे, 108 फूट. दिवाळीत शेगावहून येताना तुम्ही गाडी मुद्दाम नांदुऱ्याला वळवलीत आणि 105 फुटी मारुतीसमोर ओवीला सांगितलंत, "याच्याहून मोठा देव दुनियेत नाही." पोरीने ते पाठ केलंय. महादेवापुढे तिने हात जोडले, पाटी वाचून घेतली आणि तिथल्या तिथे वजाबाकी केली. रविवारी ती तुम्हाला फोन करणार आहे. मी मध्ये पडणार नाही. जावई सुचवतात, मारुतीचा चौथरा मोजलेला नाही असं सांगा. ओवी म्हणते, मग महादेवाचाही मोजायचा.

तुमची,
माई